नाव झाकून वाचणाऱ्या काकू

महापुरुषांना इंग्रजांची जेवढी धास्ती वाटली नसेल, तेवढी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची वाटली असती. इंग्रजांनी फार तर त्यांना तुरुंगात टाकलं. काकू त्यांना नापास करतात. मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयाच्या बालविभागात इतिहास आणि चरित्रं अशी दोन कपाटं आहेत. त्यांत शिरायचं तर राजा असो, संत असो की शास्त्रज्ञ, आधी काकूंच्या जेवणाच्या टेबलावरून जावं लागतं. तिथे दह्याची वाटी आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या शेजारी कित्येक थोर माणसं निकालाची वाट बघत पडलेली मी पाहिली आहेत. बरीचशी आल्या पावली परत जातात. मी काकूंच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि त्याच वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीत आहे. म्हणजे काकू निवडतात आणि मी पिशव्या उचलतो.

काकू इतिहासाच्या प्राध्यापिका वगैरे नव्हेत. त्यांची सगळी नोकरी सहारच्या विमानतळावर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे गेली. तिथे येणारा प्रत्येक जण तावातावाने एकच वर्णन करायचा: काळी बॅग, मध्यम आकाराची, चाकं आहेत. काकू शांतपणे विचारायच्या, "ते झालं. आत असं काय आहे, जे दुसऱ्या कोणाच्या बॅगेत नसेल?" मग माणूस इकडेतिकडे बघायचा, आवाज खाली आणायचा आणि खरं बोलायला लागायचा. एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी फार आढेवेढे घेत सांगितलं, की आत सुकटीची पिशवी आहे आणि बायकोला न सांगता घेतलेली बासरी आहे. त्यांची बॅग संध्याकाळच्या आत सापडली. निवृत्तीनंतर नातवाला वाचून दाखवायला म्हणून काकूंनी आमच्या वाचनालयातून लागोपाठ चरित्रं नेली, आणि सगळी एकदम परत आणून ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, "अहो, या सगळ्या काळ्या बॅगा आहेत." बाईंना काहीच कळलं नाही, पण त्या हुशार आहेत. त्यांनी काकूंना तिथल्या तिथे समितीत घेतलं.

काकूंची पद्धत अशी. नवीन चरित्र आलं की त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं आणि आत जिथे जिथे चरित्रनायकाचं, त्याच्या गावाचं, संस्थेचं नाव असेल तिथे तिथे कागदाची चिकटपट्टी लावायची. हे काम पूर्वी त्या स्वतः करायच्या, पण पट्टी लावताना नाव दिसतंच, म्हणून ते माझ्याकडे आलं. आमच्या घरी टीव्हीवर मालिका चालू असते आणि मी एखाद्या क्रांतिकारकाला पानोपानी झाकत बसलेला असतो. झाकलेलं पुस्तक काकू आठवडाभर वाचतात आणि शनिवारी संध्याकाळी वाचनालयात निकाल सांगतात. माणूस ओळखू आला, किंवा निदान हा दुसरा कोणी असूच शकत नाही असं वाटलं, तर पास. निकाल झाला की मगच ग्रंथपाल बाई पहिली पट्टी सोडवतात आणि नाव मोठ्याने वाचतात. एकदा काकूंनी मलाच एक झाकलेलं पुस्तक वाचायला लावलं. नायक लहानपणापासून कुशाग्र बुद्धीचा, घरची गरिबी, आई सोशिक, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, वडीलधाऱ्यांविषयी आदर आणि प्राणिमात्रांवर दया. मी छातीठोकपणे सांगितलं की हे संत आहेत. पट्टी सोडवली तर धरणं बांधणारे इंजिनिअर निघाले. "बघ," काकू म्हणाल्या, "उद्या संत धरणाच्या उद्घाटनाला गेले आणि इंजिनिअर कीर्तनाला उभे राहिले, तरी या पुस्तकाचं काही बिघडणार नाही."

त्यांची दुसरी खोड म्हणजे संवादांची झडती. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी माणूस आईच्या कुशीत शिरून काय बोलला ते पुस्तकात अवतरणचिन्हांत दिलेलं असलं, की काकू चष्मा वर करून विचारतात, "हे ऐकायला कोण होतं तिथे?" आता पुस्तकाला विचारलं तर ठीक आहे, पण ही सवय त्या घरी-दारी वापरतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, 'ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.' काकू मागून म्हणाल्या, "गजर कुठला? मी होते ना. दोघं जण उठून गेले आणि बाकीचे सामोसे खात होते." सेक्रेटरींनी निमूटपणे गजर खोडला. माझी बायको तर हल्ली शेजारणीची एखादी बातमी सांगतानाही आधी दाराकडे बघते.

चित्रांच्या बाबतीत त्या आणखी कडक आहेत. प्राचीन काळच्या एका दानशूर राणीच्या पुस्तकात चित्रकाराने स्वयंपाकघर मोठं हौसेने काढलं होतं. टोपलीत टोमॅटो, बटाटे, शेजारी हिरव्या मिरच्यांची रास. काकूंनी ते पुस्तक मिटलं ते मिटलंच. म्हणाल्या, "हे सगळं बोटीने यायला अजून कित्येक शतकं आहेत, आणि ही बाई रस्सा करून बसली." तेव्हापासून चतुर्थीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी झाली, की ताटलीत बोट फिरवून त्या आम्हाला सांगतात, की यातला साबुदाणा परका, बटाटा परका, शेंगदाणा परका आणि मिरचीही परकीच. एवढं सांगून होईपर्यंत त्यांची ताटली रिकामी झालेली असते आणि त्या पुन्हा वाढून घेतात. उपासाला चालतं का, असं विचारायची आमची छाती होत नाही.

स्वतः पास केलेलं पुस्तकही काकू लगेच कपाटात जाऊ देत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना ते वाचायला देतात आणि नंतर एकच प्रश्न विचारतात, "हा मुलगा तुझ्या बाकावर बसायला आला तर चालेल?" पोरं काकूंसारखीच निष्ठुर आहेत. एका थोर देशभक्ताबद्दल दुसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, "नाही काकू, तो डबा शेअर नाही करणार. आणि टीचरना सगळं सांगेल." एका गणितज्ञाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं, कारण तो शाळेत जाताना चपला विसरायचा. "झकास आहे यार," असा अभिप्राय मिळून ते गणितज्ञ कपाटात गेले आणि त्या पुस्तकाची पानं आता सुटायला आली आहेत. मोठी माणसं पोरांना आवडावीत म्हणून त्यांना साबण लावून धुवायचं कशाला, असं काकूंचं म्हणणं. एकदा तरी त्यांना चिडू दे, चुकू दे, एखाद्या विषयात नापास होऊ दे.

हा निव्वळ विक्षिप्तपणा आहे असं मलाही बरेच दिवस वाटायचं. मग तळमजल्यावरचे आजोबा गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जो उठेल तो म्हणे, अजातशत्रू होते, शांत होते, सर्वांना मदत करायचे. आजी समोर खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या, कोणाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग काकू उठल्या. त्या म्हणाल्या, "आमचा पेपर रोज सकाळी आजोबा आधी वाचायचे. वाचून गुपचूप दाराशी ठेवायचे. मला कळलं नसतं, पण शब्दकोडं सोडवलेलं असायचं, आणि त्यात दोन-तीन शब्द चुकलेले. मी काही बोलले नाही. आता पेपर कोरा येतो, तो हातात घ्यावासा वाटत नाही." आजी हसल्या, अगदी खुदकन, आणि मग पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या. त्या दिवसापासून मी पट्ट्या लावायचं काम जास्त नीट करायला लागलो.

मागच्या वर्षी थंडीत कुर्ल्याच्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून एक पुस्तक आलं. गिरणी कामगारांच्या पोरांसाठी चाळीतल्या दोन खोल्यांत शाळा काढणारे गुरुजी होते, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त मुलांसाठी लिहिलेलं चरित्र. लिहिणारे गृहस्थ गुरुजींच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, मूळचे मालवणकडचे, आता ऐंशीच्या घरात. स्वतः पुस्तक घेऊन आले होते. आमच्या वाचनालयाने शिफारस केली की आसपासच्या शाळा पुस्तकं घेतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ग्रंथपाल बाईंना म्हणाले, "गुरुजींका बघितलेले आम्ही आता मोजकेच उरलो. पोरांच्या हातात ह्या पुस्तक गेला नाय, तर आमच्यावांगडा, आमच्याबरोबरच, गुरुजी पण गेले." बाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.

ते गुरुजी म्हणजे आमच्या काकूंचे वडील. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं आणि त्या लेखकांनाही ठाऊक नव्हतं. काकूंचं आडनाव लग्नानंतर बदललं, गुरुजी गेल्यावर शाळेचा आणि घराचा संबंध उरला नाही, आणि इतकी वर्षं शेजारी राहूनही काकूंच्या तोंडून वडिलांविषयी मी अवाक्षर ऐकलं नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्यासारखे गाफील राहू नका. मी नेहमीप्रमाणे कव्हर घातलं, गुरुजींचं नाव, गाव, शाळा, कुर्ला, गिरणी, चाळ, सगळं झाकलं आणि पुस्तक वर नेऊन दिलं.

शनिवारी काकू आल्या त्या खुशीत होत्या. पुस्तक वाईट असलं की त्यांना बोलायला हुरूप येतो. "कोण आहेत मला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण हे गृहस्थ मला आधी पंधरा-वीस पुस्तकांत भेटलेत. गरिबीत जन्म, लहानपणापासून वाचनाची आवड, करारी मुद्रा. ही करारी मुद्रा म्हणजे काय असतं रे? चित्रात बघ, धोतर, टोपी, काठी आणि नाक. पत्नीने समर्थ साथ दिली, म्हणजे त्या बाईचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही. आणि हे ऐक, 'त्यांच्या कन्येनेही त्यांचाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवला.' अरे, एखाद्या थोर माणसाची मुलगी आळशी निघू दे की कधीतरी." आम्ही हसलो. काकूंनी पुस्तक मिटून बाईंकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "माणूस चांगला असणार. पण यात तो नाही. नापास."

बाईंनी रिवाजाप्रमाणे पहिली पट्टी सोडवली आणि नाव वाचलं. काकू म्हणाल्या, "परत वाचा." बाईंनी परत वाचलं, खाली शाळेचं नाव होतं तेही वाचलं. काकूंनी पुस्तक ओढून घेतलं आणि ते चित्राचं पान काढून किती तरी वेळ बघत राहिल्या. "धोतर कुठे नेसायचे?" त्या हळूच म्हणाल्या. "खाकी पँट असायची. यांना धोतर कोणी नेसवलं?" मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाबा आहेत माझे."

बाई म्हणाल्या, "काकू, आपण पुन्हा एकदा वाचू या ना. शताब्दी आहे, त्या लोकांना किती वाईट वाटेल." काकूंनी मान हलवली. "मी त्यांची मुलगी. मी पूर्ण पुस्तक वाचलं आणि मला बाप ओळखता आला नाही. मग पोरांना कोण भेटणार आहे यात?" घरी येताना त्यांनी जिन्यात पिशवी माझ्या हातून घेतली, ती कधी घेत नाहीत. पुढचे दोन शनिवार त्या वाचनालयात आल्या नाहीत आणि वर टेबलावर नवी पुस्तकं तशीच पडून राहिली. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची, की आमच्याकडे खिचडी झाली तरी त्या गप्प खाऊन गेल्या.

मग एका सकाळी खाली येऊन म्हणाल्या, "त्या लेखकांना बोलाव. त्यांनी लिहिलं नसेल तर मी सांगते. बाबा असे परत पाठवायचे नाहीत मला." लेखक कुर्ल्याहून आले ते कुळथाच्या पिठाची पुडी घेऊन. आपण गुरुजींच्या मुलीसमोर बसलोय हे कळल्यावर त्यांनी आधी काकूंच्या पायाकडे हात नेला. काकू त्यांच्याहून लहान; त्या एकदम मागे सरकल्या. चहा झाला. काकू खुर्चीत नीट बसल्या आणि सांगायला लागल्या, "बाबा फार शिस्तीचे होते. वाचनाची खूप आवड. कधी कोणाला दुखवलं नाही." आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. आपली काळी बॅग त्यांनाही ऐकू आली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, मला माहीतच नाहीत रे ते. आम्ही इथे मुलुंडला, शाळा कुर्ल्याला. मी उठायच्या आधी बाबा जायचे, यायचे ते दमून. जेवायचे आणि झोपायचे. मी कितवीत आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला वाटायचं, त्यांची खरी पोरं तिकडे आहेत." सगळ्या महापुरुषांना घाम फोडणाऱ्या काकू त्या वेळी शाळेतल्या एखाद्या मुलीसारख्या दिसत होत्या, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

लेखक मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. "गुरुजी आणि शिस्तीचे?" ते म्हणाले. "बाय, तुमका कोणी सांगल्यान? अहो, त्यांच्या खिशात चणे असायचे. शिकवता शिकवता खायचे आणि आम्हाला पण द्यायचे. प्रार्थनेला आवाज असा लागायचा की आम्हाला सांगायचे, तुम्ही मोठ्याने म्हणा रे, म्हणजे माझा ऐकू येणार नाही. पालीला एवढे घाबरायचे की एकदा बाकावर चढले, पाल जाईपर्यंत वरूनच भूगोल शिकवलान. आणि एकदा गणित चुकीचं शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि आपणच तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात उभे राहिले. आम्ही रडायला लागलो तेव्हा बसले." काकू एकटक ऐकत होत्या. "मग हे पुस्तकात का नाही?" त्यांनी विचारलं. म्हातारे लाजले. "गुरुजींबद्दल असां कसां लिवायचां? बरां दिसता काय तां?"

"तेच बरं दिसतं," काकू म्हणाल्या. "आणखी सांगा."

"आणखी म्हणजे साहेब," लेखक म्हणाले. "रोज पहिला तास सुरू व्हायच्या आधी आम्ही विचारायचो, गुरुजी, काल साहेब काय म्हणाले? त्यांच्या घरी म्हणे एक साहेब होते, एवढेसे. गुरुजी घरी पोचले की दारात कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, कुठे होतात, कोणाबरोबर होतात, जेवलात का? उत्तर पटल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. गुरुजी दाराबाहेर हात जोडून उभे कसे राहायचे ते करून दाखवायचे, आणि साहेबांचा आवाज काढायचे. वर्ग नुसता हसायचा. कुठल्या दिवशी साहेब आधीच झोपलेले असले तर गुरुजी म्हणायचे, आज काही बातमी नाही रे, आणि मग त्या दिवशी शिकवण्यात त्यांचं लक्ष नसायचं." एवढं बोलून ते काकूंकडे बघून थांबले. गुरुजींना ती एकच मुलगी, एवढं तर पुस्तकातही लिहिलेलं होतं.

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा ओला होता. "मला यातलं काही आठवत नाही," त्या म्हणाल्या. मग लेखकांसमोर बसून म्हणाल्या, "सगळं लिहा. चणे लिहा, पाल लिहा, कोपऱ्यात उभे राहिले ते लिहा. साहेबांचं तेवढं लिहू नका."

"बाय, तां तर सगळ्यात..." लेखक म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "बाकीचे बाबा पोरांना वाटून टाका. एवढे माझ्याकडे राहू देत."

पुस्तक नव्याने लिहून झालं. काकूंनी ते आमच्याकडे सोपवलं, स्वतः निकाल द्यायला बसल्या नाहीत. आम्ही ते पास केलं आणि आता मुलुंड-भांडुपच्या शाळांत पोरं गुरुजींचं पालीचं पान एकमेकांना वाचून दाखवतात. काकू पुन्हा शनिवारी यायला लागल्या. मागच्याच आठवड्यात त्यांनी एका सेनापतीला घरी पाठवलं. साहेबांची गोष्ट मात्र त्या पुस्तकात नाही, कुठेच नाही. म्हणून हे लिहायला घेण्याआधी मी विचारायला वर गेलो. काकू खिडकीपाशी भाजी निवडत होत्या. त्या निवडतच राहिल्या, तेव्हा मी परत निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाल्या, "लिही. ते लेखक थकलेत आता, आणि माझंही वय झालं. आम्ही गेलो की हे कोणाला ठाऊक असणार?" मग जुडीतली काडी बाजूला टाकून म्हणाल्या, "पण सजवू नकोस हं. ते दाराबाहेर उभे राहायचे आणि मी विचारायचे, जेवलात का. एवढंच लिही."